सीताफळाच्या बियांचा गुण

१९ सप्टेंबर

पेपर स्वीकारला. सकाळी सव्वाअकराला मेल आली. तीनदा वाचली, मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. सत्तावीस वर्षं या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतोय आणि चांगल्या परदेशी नियतकालिकात नाव छापून येण्याची ही पहिलीच वेळ. मे महिन्यात निवृत्ती. घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

स्टाफरूममध्ये पेढे वाटले. 'सर, आता नोबेलच' म्हणणाऱ्यांनी दोन-दोन उचलले. दहा वर्षं हीच मंडळी माझ्या लॅबला सीताफळाचं दुकान म्हणत होती. हसतील त्यांचे दात दिसतील.

सत्काराच्या भाषणात लागेल म्हणून विषय सोप्या भाषेत लिहून ठेवतो. पेशीला स्वतःहून हलण्याची बुद्धी नसते. बाहेरून सांगावा येतो. पेशीच्या कडेला ईजीएफआर नावाचं प्रथिन बसलेलं असतं, ते तो घेतं, आतल्या प्रथिनाला देतं, ते त्याच्या पुढच्याला. असं होत होत पेशी आपली एक कड पुढे सरकवते आणि जुनी जागा सोडते. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हे सांगावे थांबतच नाहीत, म्हणून पेशी घर सोडून हाडात, मेंदूत जाऊन बसतात. माणूस मरतो तो बहुतेकदा या चालण्याने. मी दाखवलं की सीताफळाच्या बियांचा अर्क हा सांगावा अडवतो. प्लेटमध्ये कॅन्सरच्या पेशींचा सलग थर वाढवायचा, मधून एक ओरखडा काढायचा. चोवीस तासांत दोन्ही काठांच्या पेशी सरकत येऊन ओरखडा भरून टाकतात. अर्क घातलेल्या प्लेटमध्ये तो तसाच उघडा राहतो. बस्स, एवढंच आहे. पण हे एवढं आजवर कुणी दाखवलं नव्हतं.

पेपरवर दुसरं नाव शाइस्ताचं. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, पाचवं वर्ष, हर्सूलहून स्कूटीवर येते. हात सोन्याचे आणि तोंड बंद. दोन्ही गुण मला आवडतात.

२६ सप्टेंबर

वर्तमानपत्रात बातमी आली, फोटोसकट. 'फुप्फुसाच्या कर्करोगाला सीताफळाचा लगाम : छत्रपती संभाजीनगरच्या प्राध्यापकाचे संशोधन.' त्या बातमीदाराला मी दोनदा सांगितलं होतं की हे प्लेटमधल्या पेशींवर आहे, माणसांवर नाही. त्याने प्लेट गाळली आणि 'औषध' हा शब्द स्वतःच्या खिशातून घातला. दुरुस्ती छापा म्हणून फोन करणार होतो. मग म्हटलं, दुरुस्ती कोण वाचतं? शिवाय फोटो बरा आला आहे.

दिवसभरात एकतीस फोन. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संध्याकाळपर्यंत 'आप्पासाहेबांनी कॅन्सर बरा केला' इथवर मजल गेली होती. मी हात जोडलेलं चित्र टाकलं.

३ ऑक्टोबर

आज एक माणूस लॅबच्या दारात दीड तास उभा होता. शिपायाला वाटलं सॅम्पलवाला असेल. नाव कडुबा, फर्दापूरचा, तिथे लेण्यांच्या फाट्यावर चहाचं हॉटेल. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, फाइलमध्ये आमची बातमी, तीही लॅमिनेशन करून.

"सर, तुम्हीच का बियांवाले?"

फरशीवरच बसायला लागला, मी हाताला धरून खुर्चीवर बसवलं. बायको साळूबाई, वय सेहेचाळीस, फुप्फुसाचा कॅन्सर.

"तंबाखूला शिवली नाय सर ती. निस्ती चुलीपुढं बसली जन्मभर," म्हणाला.

मे महिन्यापासून दवाखान्यातून रोज एक गोळी चालू आहे. मी दोन्ही स्कॅन लावून पाहिले. गाठ मेच्या मानाने निम्मी झाली आहे. पण गोळीमुळे तोंडभर फोड, नखं चिघळलेली, जुलाब. गल्लीतल्या बायका म्हणतात हिला देवी आल्या.

गोळीचं नाव वाचून मला हसू आलं. ती नेमकं तेच प्रथिन अडवते ज्यावर माझा पेपर आहे. एवढा योग जुळून आल्यावर माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, "कडुबा, ही गोळी जे काम करते ना, तेच काम या बिया करतात. गोळी परदेशातून आली, बिया आपल्या डोंगरातल्या, एवढाच फरक."

"मंजी दोन्ही एकच?"

"काम एकच."

"अन् गुण हाय?"

"गुण आहे."

मात्र बिया थेट पोटात घ्यायच्या नसतात, त्या विषारी असतात, माणसांवर तपासणी व्हायची आहे, हेही मी त्याला स्पष्ट सांगितलं. आमची आई उवांसाठी या बियांची पूड लावायची तेव्हा डोळ्यांवर फडकं बांधायची, तेसुद्धा सांगितलं. हे इथे लिहून ठेवतो. उद्या कुणी म्हणायला नको.

जाताना माझ्या पाया पडला. शाइस्ता कोपऱ्यात इनक्युबेटर पुसत होती. तो गेल्यावर म्हणाली, "सर, त्यांना गोळी सोडू नका असं सांगायला पाहिजे होतं." मी म्हटलं, सोड असं मी कुठे म्हणालो?

९ ऑक्टोबर

बंद तोंड उघडलं.

शाइस्ताने दार लोटून घेतलं आणि विचारलं, "सर, नाराज नका होऊ. कंट्रोलच्या प्लेटमध्ये डीएमएसओ का नाही घालत आपण?"

इथे थोडं लिहिणं भाग आहे. बियांचा अर्क पाण्यात विरघळत नाही. तो डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवून मग पेशींना द्यावा लागतो. नियम असा की ज्या प्लेटला औषध द्यायचं नाही, तुलनेसाठी ठेवायचं, तिलाही तेवढंच डीएमएसओ द्यायचं. नाहीतर पेशी औषधाने थांबल्या की त्या द्रवाने, हे कळणार कसं? एम.एस्सी.च्या पोरांना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवतो.

पण सहा वर्षांपूर्वी बाटली तळाला गेली होती. नवीन मागवली तर खरेदी समितीने तीन महिने फाइल दाबून ठेवली. तेव्हा मीच म्हटलं, कंट्रोलला कशाला वाया घालवायचं, त्यात साधं पोषकद्रव्य घाला. तसं पान लिहून लॅबच्या वहीत चिकटवलं. पुढे बाटली आली, पान राहिलं.

मी तिच्यावर डाफरलो. "पाच वर्षं झाली तुला इथे. आज पेपर छापायला गेल्यावर सुचलं?"

ती म्हणाली, "सर, पान तुमच्या अक्षरातलं होतं."

आमच्याकडे गाइडच्या अक्षरातला कागद कुणी खोडत नाही. मीही माझ्या गाइडचा कधी खोडला नव्हता.

१८ ऑक्टोबर

तिने न विचारता प्रयोग पुन्हा केला. तीन प्लेट. एकीला काहीच नाही, दुसरीला नुसतं डीएमएसओ, तिसरीला अर्क घातलेलं डीएमएसओ. आज सकाळी फोटो माझ्या टेबलावर ठेवले.

पहिलीतला ओरखडा भरला आहे. दुसरी आणि तिसरी, दोन्ही उघड्या. सारख्याच.

मी म्हटलं इनक्युबेटरचं तापमान हललं असेल. म्हटलं पेशी जुन्या झाल्या असतील. म्हटलं आठवडाभर नळाला पाणी नाही, टँकरच्या पाण्यावर डिस्टिलेशन चाललंय, त्याचाही फरक पडतो. ती प्रत्येक वेळी "जी सर" म्हणाली. तिच्या 'जी सर'मध्ये एवढा नकार मावतो हे मला ठाऊक नव्हतं.

"दिवाळीनंतर बघू," म्हटलं.

मला राग आला आहे आणि तो तिच्यावर आला आहे. प्रबंध तिचाही याच निकालावर उभा आहे. आपणच बसलेली फांदी तोडायची एवढी हौस कुणाला असते? आजकालच्या मुलांना गाइडची चूक काढल्याशिवाय पदवी घेतल्यासारखं वाटत नाही.

५ नोव्हेंबर

माजी विद्यार्थी संघाने सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि सीताफळांची परडी. परडीची कल्पना अध्यक्षांची, लोकांना फार आवडली. बायकोने फोटो काढले.

हार गळ्यात असतानाच कडुबाचा फोन आला. आवाज आनंदाने फाटलेला. "सर, लई फरक हाय! तोंडावरचे फोड गेले, जुलाब थांबले. चार घास खाती आता. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा चमचा पूड देतो मी मधातून. तुमच्या तोंडात साखर पडो."

"छान, छान," म्हटलं. मागे टाळ्या वाजत होत्या. तो आणखी म्हणाला, "गोळी सोडली ते बरं झालं बघा, तिचंच समदं दुखणं व्हतं." मी "बरं, ठेवतो" म्हणालो, कारण माझं नाव पुकारलं होतं.

हे मुद्दाम लिहितो. प्लेट काही म्हणो, एका रुग्णाला आराम पडला आहे. डीएमएसओ साळूबाईला कुणी दिलेलं नाही.

६ नोव्हेंबर

शाइस्ताला कडुबाचं सांगितलं. खरं तर तोंडावर मारायलाच सांगितलं. वाटलं गप्प होईल. पण ती मराठी सोडून एकदम हिंदीत शिरली, तिचं असं कधी होत नाही. "सर, फोडे तो गोली से आते थे. गोली बंद, तो फोडे बंद. आप ने रोका नहीं?"

"बाई, माझा सत्कार चालू होता," म्हणालो. लिहिताना हे वाक्य बरं दिसत नाही.

७ नोव्हेंबर

तिने अभ्यागतांच्या रजिस्टरमधून कडुबाचा नंबर काढून परस्पर फोन केला. गोळी आजच चालू करा, बिया फेका, असं सांगितलं. त्याने लगेच मला फोन करून विचारलं, "सर, ती पोरगी कोन? म्हनती बियांत काय गुण नाय. तुम्ही सांगा, तुमचा सबूद शेवटचा."

मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. "ती शिकाऊ आहे, कडुबा. तिचं मनावर घेऊ नका. मी बघतो."

मी बघतो म्हणजे प्रयोग बघतो, असा माझा अर्थ होता. गोळीबद्दल मी काहीच बोललो नाही. हो पण नाही, नाही पण नाही.

शाइस्ताला महिनाभर ग्रंथालयात बसून संदर्भ पुरे करायला सांगितलं आहे. लॅबची किल्ली घेतली. तिने ती टेबलावर न ठेवता माझ्या हातात दिली.

१ डिसेंबर

तिला खोटं पाडायचं म्हणून शुक्रवारी मी स्वतः प्लेट लावल्या. अकरा वर्षांनी पिपेट हातात धरला. ओरखडा सरळ आला. डीएमएसओची बाटली नवी फोडली. पाणी विकतचं आणलं. तापमान दर तासाला लिहिलं. शनिवारी फोटो घेतले. विश्वास बसेना म्हणून दुसऱ्यांदा लावल्या, आज पुन्हा पाहिलं.

सारख्याच. अर्क असो नसो, ओरखडा उघडा. पेशी कुठलाही सांगावा चुकल्या नव्हत्या. मी घातलेल्या द्रवाने त्या नुसत्या आजारी पडल्या होत्या आणि त्या आजारपणाला मी सहा वर्षं शोध म्हणत होतो.

रविवार, इमारतीत कुणी नाही. मी स्टुलावर बसून रडलो. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट या गोष्टीचं वाटलं की आता पुन्हा कुणी पेढे खायला येणार नाही. असा मी आहे.

कडुबाला फोन लावला. लागला नाही. उद्या लावतो.

६ डिसेंबर

कामाच्या गडबडीत राहून गेलं.

१० डिसेंबर

फोन लागला. कडुबाचा आवाज उतरला आहे. साळूबाईची पाठ दुखते, रात्र रात्र बसून काढते, काही खाल्लं की उलटी होते. "डोस कमी पडतोय का सर? एक चमचा करू?"

मी ओरडलो, "नाही! काही देऊ नका! दवाखान्यात न्या, आजच न्या!" मी त्याच्यावर ओरडलो. त्याच्यावर.

१४ डिसेंबर

नियतकालिकाला पत्र लिहायला बसलो. पेपर मागे घ्यावा लागतो, कारण द्यावं लागतं. पहिला मसुदा असा : 'संशोधक विद्यार्थिनीकडून तुलनेच्या प्लेटमध्ये अनवधानाने त्रुटी राहिल्याचे निदर्शनास आले.' वाक्य गुळगुळीत होतं. सत्तावीस वर्षं चौकशी समित्यांचे अहवाल वाचून असली वाक्यं हाताला येतात.

शाइस्ता दुसरी लेखिका, तिची सही लागते म्हणून बोलावलं. तिने उभ्या उभ्या वाचलं. वाटलं चिडेल, रडेल. नाही. ती कपाटाकडे गेली, वही काढली, चिकटवलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मला पाठवला.

"सर, हे पण जोडा. वर तारीख आहे. मी तेव्हा इथे आले नव्हते."

"तुझ्या प्रबंधाचं काय आता?"

"पुन्हा करते. अम्मीला सांगितलंय, अजून तीन वर्षं. अम्मी म्हणाली, लग्नाचं विचारणारेही तेवढे थांबतील का? मी म्हटलं, न थांबू देत." मग म्हणाली, "सर, फर्दापूरला कुणी गेलं का?"

वाक्य बदललं. पान जोडलं. पत्र गेलं. माझ्या प्रामाणिकपणाने गेलं असं पुढे कुणी म्हणालं तर मी अडवीन असं नाही, पण इथे खरं लिहितो, तिने दुसरी वाटच ठेवली नव्हती.

२१ डिसेंबर

फर्दापूरला जाऊन आलो. सिल्लोडपर्यंत बसमध्ये उभा, पुढे बसायला मिळालं. तीन वाक्यं पाठ करून नेली होती. बियांना गुण नाही. चूक माझी. गोळी चालू करा.

घर हॉटेलच्या मागेच. साळूबाई खाटेवर कुशीला वळून पडलेली, हाडांवर कातडं. कडुबाने मला पाहून आधी खुर्ची फडक्याने पुसली. दवाखान्यात नेऊन आणलं आहे. गोळी परवापासून पुन्हा चालू केली, पण कॅन्सर आता मणक्यात उतरलाय असं डॉक्टर म्हणाले, लिव्हरही सुजलंय. गोळी आता किती काम करील सांगता येत नाही म्हणाले.

मी तिन्ही वाक्यं म्हटली. एका दमात, खाली बघून.

कडुबा माझ्या खुर्चीजवळ उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमच्यावर दबाव आला का कुनाचा?"

"नाही हो. कसला दबाव?"

"गोळीच्या कंपनीवाल्याचा. ती मानसं लई बेकार असत्यात, मला ठाव हाय. तुम्ही भिऊ नका. मी तुमचं नाव कुठंच घेनार नाय."

मी त्याला प्लेटचं सांगितलं. डीएमएसओचं सांगितलं. बाटलीचं, खरेदी समितीचं, पानाचं, सगळं. तो मान हलवत राहिला, घरात मोठ्या माणसाला वात झाल्यावर आपण हलवतो तशी. "व्हय सर, व्हय," म्हणाला. "माझंच चुकलं. म्या डोस भिऊन कमी दिला. पयल्यापासून एक चमचा द्यायला पायजे व्हता." आणि डोळे पुसत चहा आणायला हॉटेलात गेला.

आम्ही दोघंच राहिलो. मला वाटलं ती झोपली आहे. तिने डोळे न उघडताच बोलायला सुरुवात केली.

"सर, गोळी चालू व्हती तवा मी पान्याचा हंडा आनत व्हते. खोकला गेला व्हता. पायऱ्या चढत व्हते. तोंडाला फोड आले तर आले, या वयात तोंड कुनाला दावायचं हाय? मला गोळी चालत व्हती."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

"सांगितलं की. ते म्हनले, सरांनी सांगितलंय दोन्ही एकच. म्या म्हनलं, सरांनी मला कुठं बघितलंय?"

पुढचं बोलायला तिला धाप लागली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तिने हाताने नको म्हटलं.

"ह्यांनी तुम्हाला इचारलं. तुम्ही तुमच्या कागदाला इचारलं. मला कुनी इचारलं नाय, की बाई, तुला कसं वाटतंय." मग तिने डोळे उघडले आणि मला नीट पाहिलं. "आता काय इचारायला आले, सर?"

कडुबा चहा घेऊन आला. मी प्यालो. तो फाट्यापर्यंत सोडायला आला, बस येईपर्यंत थांबला, खिडकीतून हात जोडले.

मी विचारायला गेलोच नव्हतो. मी सांगायला गेलो होतो.